प्रभाग सातची खुर्ची

मी नगरपालिकेच्या सभागृहात दोन वर्षं अभ्यास केला, असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, माझ्या बोलण्यात काहीतरी चूक होते आहे. अभ्यासाला लोक वाचनालयात जातात, सभागृहात नगरसेवक बसतात. पण आमच्याकडे तसंच होतं, त्याला मी काय करू?

आमचं गाव कोल्हापूरपासून एसटीनं तासाभराचं. खेडं म्हणावं तर नगरपालिका होती, आणि शहर म्हणावं तर दिवस मावळताना मुख्य रस्त्यानं म्हशी घरी परतायच्या. नगरपालिकेची इमारत दुमजली. खाली घरफाळा भरायच्या खिडक्या, जन्ममृत्यूचे दाखले, आरोग्य खातं. वर सभागृह. महिन्याकाठी एखादी सर्वसाधारण सभा तिथं व्हायची, एरवी ते कुलपात. कधीतरी एका मुख्याधिकाऱ्यांच्या मनात आलं की तिथं ट्यूब आहेत, पंखे आहेत, टेबलं आहेत, मग कॉलेजची पोरं संध्याकाळी बसली तर बिघडलं काय? त्यांनी शिपायाला तोंडी सांगून टाकलं. पुढं ते बदलून गेले. सवय मागं राहिली. संध्याकाळी शिपाईमामा कुलूप काढायचे आणि जेवणवेळेला परत लावायचे. "पावणं, चपला भायेर," एवढाच त्यांचा नियम.

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. मी कोल्हापूरला बी.ए. करत होते. सकाळच्या गाडीनं जायचं, दुपारी परत यायचं. आमचं घर बौद्धवाड्यात, एका खोलीचं. वडील गवंड्याच्या हाताखाली, आई उसात भांगलायला जायची, धाकटे दोघे भाऊ शाळेत. घरात कुणी मला अभ्यास करू नको म्हणालं नाही. उलट मी पुस्तक उघडलं की सगळे गप्प व्हायचे, आई भांडंसुद्धा हळू ठेवायची. त्या शांततेचंच मला ओझं व्हायचं. चार माणसं आपल्यासाठी श्वास रोखून बसली आहेत, आणि आपल्याला तर परिच्छेद कळत नाही, असं वाटायचं. म्हणून मला ते सभागृह हवं होतं. सुरुवातीला तरी कारण तेवढंच होतं.

सभागृहात घोड्याच्या नालासारखं लांब टेबल. मधोमध नगराध्यक्षांची उंच खुर्ची, पाठीवर पांढरा टॉवेल टाकलेली. तिच्यात कुणी बसायचं नाही, हे कुणी न सांगताच ठरलेलं. बाकीच्या खुर्च्यांसमोर टेबलावर पत्र्याच्या पट्ट्या ठोकलेल्या: प्रभाग एक, प्रभाग दोन. ज्याची जी खुर्ची, ते त्याचं नाव. "ए चौदा, पंखा लाव की!" "नऊ, पेन दे जरा." रस्त्यात भेटलो तरी आम्ही एकमेकांना आकड्यानंच हाक मारायचो आणि लोक बघत राहायचे. मी सात होते. पहिल्या दिवशी मोकळी दिसली त्या खुर्चीत बसले, इतकंच. माझ्या बरोबर समोर, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, बारा होता.

बारा जैन शेतकऱ्याच्या घरचा. गावाबाहेर त्यांचा मळा, ऊस, ट्रॅक्टर. कोल्हापुरात बी.एस्सी.ला होता, माझ्याच सकाळच्या गाडीला. पण गाडीत आम्ही कधी बोललो नाही. त्यांच्यात दिवस मावळायच्या आत जेवतात, म्हणून तो जेवूनच यायचा. आम्हाला सगळ्यांना सातच्या सुमाराला भूक लागायची, त्याला लागायची नाही. तरी तो खिशातून भाजलेल्या शेंगा आणायचा. दिवे लागल्यावर स्वतः एक दाणा तोंडात घालायचा नाही, पण शेंगांचा ढीग टेबलावर ओतून म्हणायचा, "खावा." एकदा चौदानं विचारलं, "तू खात न्हाईस, मग आणतोस कशाला रे?" तो म्हणाला, "घरात पडल्यात." ढीग मात्र नेहमी सातच्या पट्टीजवळ पडायचा. तसा मुद्दाम पडायचा का, ते मी आजही खात्रीनं सांगू शकत नाही. टेबल त्या बाजूला थोडं उतरतं होतं.

शेवटचा अर्धा तास आम्ही 'सभा' भरवायचो. ही युक्ती कुणाची ते आठवत नाही. नगरपालिकेच्या सभा आम्ही कधीकधी व्हरांड्यात उभं राहून ऐकलेल्या होत्या, कारण त्या लांबल्या की आमचा अभ्यास खोळंबायचा. तिथली पद्धत आम्ही उचलली. कुणीतरी विषय वाचायचा, म्हणजे परीक्षेतला प्रश्न. एकानं उभं राहून, समोरचा माईक तोंडाजवळ ओढून, उत्तर मांडायचं. तो सूचक. उत्तर बरोबर वाटलं तर दुसऱ्यानं अनुमोदन द्यायचं. अनुमोदन मिळालं नाही तर उत्तर नामंजूर, आणि पुन्हा पाठ करून यायचं. माईक बंदच असायचे. पण माईकसमोर उभं राहिलं की आवाज आपोआप निराळा निघायचा. वर्गात माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. प्राध्यापकांनी नाव घेतलं की मी उभी राहून बाकाकडे बघायचे. सभागृहात मात्र मी बोलायला शिकले. मी बोलून थांबले की समोरून आवाज यायचा, "सातनं मांडलेल्या उत्तराला माझं अनुमोदन." दुसऱ्या कुणाला द्यायची संधीच मिळायची नाही. एकदा नऊ नंबरची मैत्रीण वैतागून म्हणाली, "अरे, राज्यशास्त्रातलं तुला काय कळतंय? तू तर शास्त्राचा!"

तो म्हणाला, "ऐकाय बरं वाटतंय की."

सगळे हसले. मीही हसले आणि पुस्तकाचं पान उलटलं. त्या पानावर काय होतं ते मला त्या संध्याकाळी अजिबात वाचता आलं नाही.

आता त्या दिवसाचं सांगते. सभागृहात कोपऱ्यातल्या कपाटात अँप्लिफायर होता. त्याला दोन खटके. एक सभेतल्या माईकचा आणि दुसरा गच्चीवरच्या कर्ण्याचा. घरफाळ्याची मुदत, पोलिओचे डोस, पाण्याची वेळ, हे सगळं गावाला त्या कर्ण्यावरून कळायचं. त्या दिवशी नदीवरची मोटर जळाली होती. पाणीखात्याचे कारकून घाईघाईनं वर आले, "उद्या पाणी येणार नाही, नागरिकांनी सहकार्य करावे," असं दोनदा सांगून, फोन वाजला म्हणून तसेच खाली पळाले. खटके बंद करायचे राहिले. आमच्यापैकी कुणाचं तिकडं लक्ष नव्हतं.

सभा सुरू झाली. माझा विषय होता, 'नगरपालिकेची बंधनकारक कर्तव्ये'. मी उभी राहिले, माईक ओढला आणि घडाघडा म्हणू लागले. नागरिकांना पिण्याच्या पाण्याचा पुरेसा पुरवठा करणे. सार्वजनिक रस्त्यांवर दिवाबत्ती करणे. गटारांची स्वच्छता राखणे. यातील कोणतेही कर्तव्य नगरपालिकेस टाळता येत नाही, कारण ही नगरपालिका लोकांनी निवडून दिलेली असते. आवाज खोलीत थोडा घुमतोय असं मला वाटलं खरं, पण ते मला आवडलंच. शेवटी बारा आपल्या माईकमध्ये वाकून, नेहमीपेक्षा जरा जास्तच नाटकीपणानं, म्हणाला, "सातनं मांडलेल्या उत्तराला माझं मनापासून अनुमोदन!"

तेवढ्यात जिन्यावर धावत्या पावलांचा आवाज झाला. शिपाईमामा दारात उभे. सरळ कपाटाकडे गेले आणि खटका पाडला. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "सगळ्या गावानं ऐकलं की रं पोरानू!"

खाली चौकात टाळ्या वाजत होत्या. कुणीतरी शिट्टी मारली.

मी घरी गेले तेव्हा आई दारातच उभी होती. नळकोंडाळ्यावर उद्याचं पाणी भरून ठेवायला अख्खी गल्ली जमली होती, तिथंच तिनं ऐकलं होतं. "तुझाच आवाज न्हवं गं त्यो? मी म्हटलं, माझ्याच लेकीचा! बाया म्हणत्यात, हिची पोरगी मुन्सिपाल्टीला झाडाय लागलीया." ती इतकी हसत होती की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझं शिक्षण तिनं पहिल्यांदाच कानांनी ऐकलं होतं. मग हसू ओसरल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि हळूच विचारलं, "आन् मागनं बोललं ते कोण?"

"बारा."

"बारा म्हंजे? नाव न्हाय व्हय त्याला?"

मी नाव सांगितलं. आडनावावरून घर कळतं. आई चुलीपाशी गेली. भाकरी थापायला बसली.

दुसऱ्या दिवशी सभागृहाला कुलूप होतं. नवे मुख्याधिकारी म्हणाले, सभागृह कुठल्या ठरावानं अभ्यासाला दिलंय ते कागदावर कुठंच नाही. आता हा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेपुढं येईल. आम्ही अर्ज दिला. 'परीक्षा जवळ आल्यामुळे आम्हास अभ्यासासाठी जागा उपलब्ध करून द्यावी.' माझं अक्षर बरं म्हणून तो मीच लिहिला. सह्या करताना जिन्यात आम्ही सगळे होतो, बाराही होता. त्यानं माझ्याच पेननं सही केली आणि पेन परत देताना म्हणाला, "मिळंल." बोलण्यासारखं दोघांकडंही बरंच होतं, पण जिन्यात टेबल नव्हतं. आमच्यामध्ये कायम टेबल असायचं, त्याच्या आधारानं आम्ही बोलायचो. ते नसलं की दोघांनाही कुठं बघावं कळेना.

गावात तोवर बोलणी सुरू झालीच होती. पानपट्टीवरून जाताना मागून आवाज यायचा, "अनुमोदन हाय का?" वडिलांच्या कानावर गेलं असणार, पण त्यांनी विचारलं नाही. बारा सकाळच्या गाडीला दिसेनासा झाला. पुढच्या गाडीनं जातो, असं चौदानं सांगितलं. त्याच्या घरी काय बोलणं झालं, ते मला आजतागायत माहीत नाही.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मी एकच गोष्ट मागायचे, ती खुर्ची परत मिळू दे. देवाला मागायची पद्धत आमच्या घरी नव्हती. मी कुणाकडे मागत होते कोण जाणे.

सभा दुपारी भरली. आम्ही सगळे व्हरांड्यात, खिडक्यांच्या गजांना धरून उभे. बारा पलीकडच्या खिडकीशी होता. रस्त्यावरची कुत्री, बाजारातल्या गाळ्यांचं भाडं, स्मशानशेडचे पत्रे, असे विषय एकेक करून मंजूर होत गेले, आणि आमचा आला. खऱ्या प्रभाग चौदाचे नगरसेवक, विरोधी पक्षाचे, लगेच उठले.

"अध्यक्ष महाराज, आधी त्या पोरीचं अभिनंदन करा! तुमच्याच माईकवरनं तुमचीच कर्तव्यं तिनं गावाला सांगितली. एक तरी शब्द चुकीचा होता का?"

"विषयाला धरून बोला," नगराध्यक्ष म्हणाले.

"पाणी हाच की विषय! मोटर कशी जळाली त्ये सांगा!"

"मोटरीचा विषय झाला वर. खाली बसा."

"बसतो. बसायला हिथं खुर्ची तरी हाय. लोकं घागरी घिऊन हुबी हायत!"

हशा झाला. मला वाटलं, बरं चाललंय, हसताहेत म्हणजे देतील. मग एक वयस्कर सदस्य उठले. ते चिडलेले नव्हते, हे मला मुद्दाम लिहावंसं वाटतं. ते म्हणाले, "पोरं शिकत्यात, चांगलं हाय. माझी ना न्हाय. पण पोरं-पोरी एका टेबलाला बसत्यात. गावात काय बोललं जातंय ते तुम्हाला ठावं हाय, मलाबी ठावं हाय. उद्या एखाद्या पोरीचं शिक्षणच बंद केलं घरच्यांनी, तर?"

मी खिडकीच्या गजाकडे बघत राहिले. पलीकडच्या खिडकीकडे बघायचं नाही, एवढंच मी स्वतःला सांगत होते.

आणि तेव्हा प्रभाग सातच्या नगरसेविका उठल्या. माझ्या खुर्चीच्या खऱ्या मालकीण. महिलांच्या राखीव जागेवर निवडून आलेल्या, पिठाची गिरणी चालवणाऱ्या. सभेत त्या बोलल्याचं कुणी कधी ऐकलेलं नव्हतं. त्यांच्या केसांत कानाजवळ थोडं पीठ होतं. त्यांनी माईक ओढला नाही, तशाच बोलल्या.

"पोरीस्नी जागा पायजे. हालमदी नको म्हणताय, नको. माझ्या गिरणीच्या समोर मुलींची शाळा हाय, ती पालिकंचीच हाय. सांच्याला मोकळीच असती. तिचा एक वर्ग पोरींना द्या. मी सोता बसते तितं. पोरगी घरला पोचस्तवर माझी जबाबदारी. आन् पोरांना हाल राहू द्या, त्यांनी काय पाप केलंय?"

क्षणभरानं सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले. "वहिनी, झकास!" कुणीतरी ओरडलं. विरोधी पक्षानंही टेबलं वाजवली. सचिवांनी लिहिता लिहिता विचारलं, "सूचक वहिनी. अनुमोदक कोण लिहू?"

"लिवा की कुणाचंबी," नगराध्यक्ष म्हणाले. "एकमतानं मंजूर हाय. पुढचा विषय घ्या."

व्हरांड्यात आमची पोरं नाचायला लागली. आम्ही जागा मागितली होती आणि एका जागेऐवजी दोन मिळाल्या होत्या. नऊनं मला मिठी मारली. शिपाईमामांनी सभेतून उरलेला चहा बशांतून वाटला. बशी हातात घेऊन मी उभी होते तेव्हा बारा जवळ आला. दोघांच्या मध्ये पुन्हा काहीच नव्हतं. तो म्हणाला, "शाळेत उजेड चांगला हाय. नवीन ट्यूब बसवल्यात."

मी म्हटलं, "व्हय का?"

"व्हय. मी बघून आलो सकाळी."

म्हणजे त्याच्या कानावर आधीच काहीतरी आलं होतं. काय होणार याचा अंदाज घेऊन तो माझ्यासाठी शाळेतला उजेड बघून आला होता. हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. तोवर त्याला कुणीतरी खाली हाक मारली.

मुलींच्या शाळेत अभ्यास फार चांगला झाला. हे मला कबूल केलंच पाहिजे. बाकं लहान मुलींची होती, गुडघे वर यायचे, पण आवाज नाही, वर्दळ नाही. आम्ही तिघी होतो, मग पाच झालो, सात झालो. ज्या घरांतून मुलींना सभागृहात कधीच पाठवलं नसतं, त्या घरांतल्या मुली तिथं आल्या. शाळेकडे जाताना नगरपालिकेवरून जावं लागायचं. वरच्या खिडक्यांत उजेड असायचा. एकदा वरून हाक आली, "ए सात!" मी चटकन वर पाहिलं. हाक आतल्या आत मारलेली होती. कुण्या नव्या पोरानं आतून "काय रं?" म्हणून उत्तर दिलं. माझ्या खुर्चीत कुणीतरी बसायला लागलं होतं, आणि त्यात वावगं काहीच नव्हतं. मी दप्तर दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि चालू लागले.

पुढं मी पदवी घेतली. आमच्या घरातली, आमच्या गल्लीतलीही, मी पहिलीच. नंतर एम.ए. केलं, कोल्हापुरात नोकरीला लागले, शहराच्या कडेला उचगावात घर झालं. दोन हजार सालानंतर कधीतरी ऐकलं की बारा शिरोळकडच्या नातेवाइकांच्या शेतीत लक्ष घालतो, त्याचं लग्न झालं. बरं वाटलं. मी मुलांना राज्यशास्त्र शिकवते. त्या शाळेच्या वर्गाचे माझ्यावर फार उपकार आहेत, आणि तो वर्ग मला कधी आठवत नाही. आठवतं ते लांब टेबल, समोरची बाजू, आणि मी बोलून थांबल्यानंतरचा तो एक क्षण. आवाज यायच्या आधीचा. त्या क्षणासाठी मी एवढं पाठ करत होते.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यातली एक संध्याकाळ. नगरसेविका काकू रोजच्यासारख्या गिरणी बंद करून आल्या. त्या कधी रिकाम्या हातानं बसायच्या नाहीत, मेथीची जुडी घेऊन बसायच्या, आणि आमच्या पुस्तकांकडे फार कौतुकानं बघायच्या. त्या दिवशी बाकीच्या मुली लवकर गेल्या होत्या. काकू मेथी निवडत निवडत म्हणाल्या, "तुला बघितलं की मला लई समाधान वाटतंय बघ. त्या सभंत मी उठले न्हवं, भ्या वाटत हुतं. पण म्हटलं, पोरीचं नुकसान व्हायला नको."

मी म्हटलं, "काकू, तुम्ही फार केलंत आमच्यासाठी."

"केलं काय त्यात!" त्यांनी हात झटकले आणि माझ्याकडे नीट बघितलं. "खरंखरं सांग, बरं हाय न्हवं हितं? कायतरी कमी हाय असं वाटतंय मला. तू अशी गप का असतीस? काय पायजे आसंल तर बोल, लाजू नको. पुढच्या सभंत मांडते. आता मला भ्या वाटत न्हाय."

त्या खरंच मांडणार होत्या. मी वर पाहिलं. ट्यूब स्वच्छ जळत होती. पंखा फिरत होता. कोपऱ्यात नवा माठ, त्यावर झाकणी, झाकणीवर पेला. त्यांनी स्वतःच्या पैशानं आणलेला.

"न्हाय, काकू," मी म्हटलं. "सगळं हाय."

"मग वाच," त्या म्हणाल्या, आणि मेथीकडे वळल्या. मी वाचायला लागले.